तिरकसू, चुकडोळा आणि ताई

दुरुस्तीच्या त्या दुकानात शिरलं की समोरच एक उंच काउंटर होतं आणि काउंटरमागे ताई. मिक्सर, इस्त्री, पंखा, काहीही बिघडलेलं घेऊन या, पहिली गाठ ताईंशीच. यंत्र उघडून बघायचं काम आत बसणाऱ्या मिस्त्रींचं. ताई माणूस उघडून बघत. "गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मला कळतं, वस्तू आपोआप बंद पडलीय की हातातून पडलीय," असं त्या छातीठोकपणे सांगत. मान खाजवली म्हणजे खोटं बोलतोय. उगाच या पायावरून त्या पायावर होतोय म्हणजे घरी न सांगता आलाय. हाताची घडी घातली म्हणजे आता भांडणार, तयारीत राहा.

हे शास्त्र खरं असतं तर काय हवं होतं! पण ते बहुतेक वेळा ताईंनाच तोंडघशी पाडायचं. एकदा मान खाजवणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी "खरं सांगा, पाडलात ना?" म्हणून दरडावलं. त्यांनी शांतपणे कॉलर बाजूला केली आणि मानेवरचं घामोळं दाखवलं. मिस्त्रींनी आतून हे ऐकलं आणि जागच्या जागी नाव ठेवलं, 'खाजनिकाल'. तिथून दोघांना छंदच लागला. ताईंचा अंदाज चुकला की एक नवा शब्द पाडायचा. रस्त्यावरून कुणी हात हलवला, ताईंनी आनंदाने दोन्ही हात हलवले आणि तो माणूस त्यांच्या मागच्या बाईशी बोलायला गेला, तो 'उसनहात'. दुपारी 'लवकर जाऊ का?' विचारल्यावर खुर्चीत पेंगणाऱ्या साहेबांची, म्हणजे दुकानाच्या मालकांची, मान खाली आली, ती परवानगी समजून ताई घरी निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली, तो 'पेंगहोकार'. यातले निम्म्याहून जास्त शब्द ताईंनी स्वतःच स्वतःसाठी पाडले होते. आपली फजिती दुसऱ्याच्या हातात फार वेळ राहू द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता.

मग एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपसूक बाहेर आलं. ताईंना वाटलं, झोप उडाली नाही अजून. आरशात बघितलं तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली. भुवई हलेना, डोळा मिटेना, ओठ उचलेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चेहऱ्याची नस सुजली आहे, घाबरण्यासारखं नाही, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. ते 'बहुतेकांचं' ताई घरी घेऊन आल्या आणि किती तरी दिवस चघळत बसल्या. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पट्टी लावायची, आरशासमोर ओठांचा व्यायाम करायचा.

"जन्मभर लोकांना बघून तोंड वाकडं केलं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "आता एकदाच करून ठेवलं. रोजचे कष्ट वाचले."

सासूबाई हसल्या नाहीत. ताईही मनातून हसत नव्हत्याच.

थोडं बरं वाटल्यावर त्या कामावर परतल्या आणि पहिल्याच दिवशी घोळ सुरू झाला. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यामुळे पापणी लवायची ती फक्त डाव्याची. गिऱ्हाईक म्हणायचं, "इस्त्री तापत नाही," आणि ताई डोळा मारायच्या. एक वयस्कर मास्तर तर लाजून पावती न घेताच निघून गेले. "तरुणपणी कुणी ढुंकून बघितलं नाही," ताई मिस्त्रींना म्हणाल्या, "आणि आता हे यश!" शब्द ठरला, 'चुकडोळा'. हसायला गेलं की ओठाचा डावा कोपराच तेवढा वर जायचा आणि समोरच्याला वाटायचं, बाई आपली टर उडवतायत. ते 'तिरकसू'. शिवाय उजव्या डोळ्यातून पाणी गळत राहायचं ते वेगळंच. गेलेल्या नवऱ्याचा रेडिओ घेऊन एक आजीबाई आल्या होत्या. त्यांनी ताईंचा गळणारा डोळा बघितला, हात पुढे करून ताईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुला तरी कळलं गं बाई माझं." ताई त्या वेळी रेडिओची वायर कुठे मिळेल याचा विचार करत होत्या. याला त्यांनी 'पाणउमाळा' म्हटलं खरं, पण हा शब्द पाडताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

या सगळ्यावर हसता येत होतं. हसता येत नव्हतं ते एकाच गोष्टीवर. लोक आता त्यांच्याकडे बघेनासे झाले होते. बोलायचे, पण छताकडे, पावतीकडे, नाही तर ताईंच्या कानाकडे बघून.

मग एक मिक्सरवाला आला. तो तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "माझा मिक्सर जळलाय आणि तुमच्या बाई हसतायत. वर डोळा मारतात!" साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी त्याची समजूत घातली, मग ताईंना बोलावलं आणि टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "ताई, थोडे दिवस मागच्या खोलीत बसा. सुटे भाग लावायचेत, मोजायचेत. बरं वाटलं की या परत."

"आणि नाही वाटलं तर?"

साहेब काचेकडेच बघत राहिले. "बरं, सोमवारचा दिवस काउंटर तुम्हीच सांभाळा, मी स्वतः शेजारी बसतो. कसं जमतंय ते बघू, मग ठरवू."

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. स्क्रूचे डबे होते, जुन्या मोटारी होत्या आणि कोळ्यांची जाळी. ताईंना त्याची भीती नव्हती. भीती अशी होती की एकदा आत गेलं की चेहरा सुधारला काय आणि न सुधारला काय, कुणी विचारायलाही येणार नाही. बोलल्याशिवाय जिला घास उतरत नाही, ती बाई दिवसभर नटबोल्टांशी काय बोलणार?

त्यातच घरी एक गोष्ट सलत होती. लग्न झाल्यापासून जेवणाच्या टेबलाशी ताईंची खुर्ची ठरलेली आणि यजमानांची तिच्या उजवीकडे. ताईंचा चेहरा बिघडल्यावर एके दिवशी यजमान ताईंच्या खुर्चीत जाऊन बसले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि पुढे रोज तसंच बसू लागले. म्हणजे जेवताना त्यांच्या नजरेला आता फक्त डावी, चांगली बाजू पडत होती. ताईंनी निकाल काढला, यांना आपली उजवी बाजू बघवत नाही. नुसत्या कुढत राहिल्या. रविवारी जेवताना मात्र त्यांचा बांध फुटला.

"माझं हे तोंड बघवत नसेल तर सरळ सांगा ना! खुर्च्या कशाला बदलता?"

यजमानांचा घास हातातच राहिला. मुळातच ते मोजकं बोलणारे. "तोंडाचं काय?" एवढंच ते म्हणाले.

सासूबाईंनी पाण्याचं भांडं आपटलं. "अगं शहाणे, तुझ्या त्या खुर्चीत टेबलफॅनचा वारा थेट डोळ्यात जातो. तुझा डोळा मिटत नाही, कोरडा पडतो, म्हणून तो तिथे जाऊन बसला. आणि पंखा बंद केला तर तुला उकडतं, म्हणून बंदही करत नाही. सर्दी झालीय त्याला, दिसत नाही का?"

यजमान शिंकले.

"मग बोलायचं ना तसं!" ताई ओरडल्या.

"त्यात काय बोलायचं?" यजमान म्हणाले आणि घास तोंडात घातला.

ताईंनी कपाळाला हात लावला. अख्खी हयात लोकांच्या पंख्यांच्या तक्रारी घेण्यात गेली आणि घरातला पंखा दिसला नाही! 'खुर्चीशंका', त्यांनी मनातल्या मनात शब्द पाडला, पण नेहमीसारखी गंमत वाटली नाही. नवऱ्यावर इतकी माया दाटून आली की काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी त्याला आणखी वाढलं. मग विचार आला की इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं धड चालणारं तोंड मला वाचता येत नाही, तर त्या बिचाऱ्या मिक्सरवाल्याने माझं अर्धं बंद पडलेलं तोंड कसं वाचायचं? त्याला सांगायला नको?

सोमवारी साहेब भिंतीशी स्टूल टाकून बसले. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे इस्त्री घेऊन आलेली एक बाई. ताईंनी घसा साफ केला.

"बाई, आधीच सांगते. माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू बंद आहे. तक्रार नोंदवलीय, पार्ट अजून आला नाही. डोळा मारला तर तो मारला नाही असं समजा. हसले तर मी तोंडाने सांगेन. आता तुमच्या इस्त्रीबद्दल मला वाईट वाटतंय. दिसणार नाही, पण वाटतंय."

बाई आधी गोंधळल्या, मग खळखळून हसल्या. ताई म्हणाल्या, "आता मीही हसतेय." पुढच्याला सांगितलं, "हा वैताग आहे, पण तुमच्यावर नाही, त्या सारख्या वाजणाऱ्या फोनवर आहे." त्याच्या पुढच्याला, "हे आश्चर्य. इतका काळा टोस्टर मी बघितला नव्हता." रांगेत एक धिप्पाड माणूस हाताची घडी घालून उभा होता. ताईंना सवयीने वाटलं, हा भांडणार. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मग मीही सांगून टाकतो. रागावलेलो नाही. शर्टाचं बटण तुटलंय." अख्खी रांग हसली. मिस्त्री हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बघायला बाहेर आले.

साहेब तेवढे हसले नाहीत. सकाळी त्यांच्या कपाळावर एक आठी होती, दुपारी त्या दोन झाल्या, संध्याकाळी तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. ताई मधूनमधून चोरून बघत होत्या आणि आठीगणिक त्यांचा धीर सुटत होता. दुकान बंद व्हायची वेळ झाली तशी त्यांनी खुर्चीवरची उशी काढली, पाण्याची बाटली घेतली, डोळ्याचे थेंब पिशवीत टाकले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सामान हलवतेय. मागच्या खोलीत."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या कपाळाने."

"कपाळाला काय झालं?" साहेब कमरेवर हात ठेवून कण्हत उठले. "दिवसभर या स्टुलावर बसून माझी पाठ मोडली! उशी ठेवा खाली. काउंटर सोडून कुठे निघालात?"

"आठीज्योतिष!" आतून मिस्त्री ओरडले.

ताई हसायला गेल्या आणि रडायलाच लागल्या. साहेबांची नजर लगेच पावतीपुस्तकाकडे वळली. "डोळ्यात थेंब घाला, ताई," ते घाईघाईने म्हणाले. "पाणी येतंय."

"उजव्यातून येतंय ते पाणी आहे, साहेब. डाव्यातून येतंय ते रडू आहे."

"मग... मी काय करू?"

"काही करू नका. तोंड असं झाल्यापासून तुम्ही माझ्याशी टेबलाकडे बघून बोलता. बाकीचेही कुठेतरी बघतात. मला फार लागतं ते. आता जे म्हणालात ते एकदा माझ्याकडे बघून म्हणा."

साहेबांनी मान वर केली. आधी त्यांची नजर न मिटणाऱ्या डोळ्यावर गेली, मग ओघळलेल्या ओठावर, आणि मग त्यांनी सगळ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काउंटर तुमचं आहे, ताई," ते म्हणाले.