रामटेकेकाकांचा उलटा हात

रामटेकेकाका उलटा हात टेकवल्याशिवाय कुठल्याही मीटरवर विश्वास ठेवत नसत. उकळत्या पाण्याचं भांडं असो, मोटर असो की कँटीनचा चहा. आधी हात, मग डोळे मिटून क्षणभर विचार, आणि मगच काट्याकडे नजर. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते नागपुरात आमच्या रुग्णालयाच्या वर्कशॉपात आले होते. "काटा काय म्हणते ते मंग पाहू, डॉक्टर. पयले हात काय म्हणते ते पाहू," हे त्यांचं ठरलेलं. आम्ही तरुण डॉक्टर त्यांची यथेच्छ थट्टा करायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे लेझर आला. त्याचा प्रकाश कर्करोगाच्या गाठीत सोडून ती आतून तापवायची. कमी तापली तर गाठ जगते, जास्त तापली तर भोवतालचं मांस जळतं. हा ताप मोजायला काकांनी स्वतः गाठीत खुपसायची, मीटरला जोडलेली धातूची बारीक तार बनवली. सुरुवातीच्या रुग्णांत त्यांच्या पत्नी सुमनबाईच होत्या. गालात गाठ होती.

त्या दिवशी काका दाराशी उभे होते. काटा भराभर चढून ठरलेल्या खुणेपर्यंत गेला. "एकदा गालाले बाहेरून हात लावू द्या मले," ते म्हणाले. मी यंत्राच्या तोऱ्यात होतो. "काका, मीटर तुमचंच आहे ना?" असं म्हणून मी लेझर बंद केला. गाल वाचला, पण गाठही वाचली. चार महिन्यांत सुमनबाई गेल्या.

पंधरवड्याने त्यांनी मला वर्कशॉपात बोलावलं. टेबलावर बकऱ्याची कलेजी, तिच्यात तीच तार. लेझर सुरू केला, काटा चढला. बंद करताच धपकन खाली आला. काकांनी कलेजीला उलटा हात लावला.

"मांस इतक्या लवकर थंडं होते काय? हे त धड कोमटबी नाही. लेझरनं तारच तापून राहिली होती, डॉक्टर. तिनं आपलाच ताप सांगतला."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी तार उपसली, फडक्याने पुसली. "म्याच बनवली होती," एवढंच बोलले.

पुढचं वर्षभर ते काचेच्या तारेमागे लागले. काच लेझरने तापत नाही; तिच्या टोकाला लावलेल्या खास भुकटीची चमक मात्र मांसाच्या तापाप्रमाणे बदलते. काच मी परदेशातल्या मित्राकडून मागवली, बाकी सगळं काकांचं. दर आठवड्याला कलेजी आणत आणि हात लावून बघत.

ती तार पहिल्यांदा वापरली ती महाल भागातल्या एका बांगडीवालीसाठी. तिचीही गाठ गालातच. या वेळी काटा सावकाश चढत होता.

"काका, आत या. हात लावा," मी म्हणालो.

हात धुऊन ते आले. उलटा हात तिच्या गालावर टेकवला, डोळे मिटले. "बराबर हाय. चालू द्या."

वेळ भरली, मी लेझर बंद केला. काकांचा हात तिथंच होता. नर्सने हाक मारली तरी हलला नाही.

"इतका गरम लागाले पाह्यजे होता सुमनचा गाल," डोळे न उघडताच ते म्हणाले. "मी सांगतलं असतं तुमाले, डॉक्टर. हात लावू देल्ला असता त."