पूर्णा, गंगाखेड आणि मांडवी सोडा

कॉलेज अर्धवट सोडून मामांच्या सोड्याच्या कारखान्यात बसलो, तेव्हापासून परभणीबाहेर पडायची संधी क्वचितच. पण गंगाखेडच्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं, की केशवअप्पांच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येऊन गेले. केशवअप्पा आमचा सोडा विकणारे तिथले दुकानदार, कमल त्यांची मुलगी, एकदा माल घेऊन गेलो तेव्हापासून माझ्या मनात बसलेली. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मामांना म्हटलं, मालाची मागणी घ्यायची यंदाची फेरी मी करतो.

मामांनी निघताना बजावलं, "भाव सांगायच्या आधी माल कुठं पिणार ते विचार. बैठा माल दुकानातच प्यायचा, बाटली पायरी उतरत नाही. फलाटी माल स्टेशनवरचा, फुटलेली न् गाडीतून गेलेली बाटली भावातच धरलेली. मांडवी लग्नाघरचा, त्याच्यासंगं आपला माणूस जातो, दोन दिवस तिथंच राहतो, सोडा फोडून देतो, बाटल्या परत आणतो."

पूर्णेला उतरलात तर फलाटावरची गरम भजी चुकवू नका. मी मात्र तिथं भांडलो. गाडी सुटली, एक प्रवासी आमची बाटली हातात धरून तसाच चाललेला. मी ओरडत डब्यामागं धावलो आणि बाटली हिसकावली. आमचा फलाटावरचा विक्रेता रहीमभाई हसायला लागला. "इतना गुस्सा कायको, भाऊ? फलाटी भाव कशाला लावलाय मग?"

परत परभणीवरून गंगाखेडची गाडी धरली. डब्यात बसायला जागा होती, मला बसवत नव्हतं. स्टेशनवरून गावात टांगेवाला चार आणे मागतो, तीनवर येतो. मी चार देऊन टाकले.

अप्पा दुकानाच्या ओट्यावर होते. "या पाव्हणं! बैठा माल नेहमीइतकाच द्या. पण औंदा मांडवी लय लागंल. संगं तूच येणार न्हवं?"

डोकं भणाणलं. तिच्या लग्नात मी खाली बसून वऱ्हाडाला सोडा फोडून देणार?

"मांडवी माल बंद केलाय आम्ही!"

"आसं? मग नांदेडवाल्याचा माणूस धर्मशाळेत उतरलाय, त्याला सांगावं लागंल." अप्पांनी पायात वहाणा सरकवल्या.

मी तावातावानं दुकानामागच्या बोळात शिरलो. अप्पांच्या घराच्या मागच्या दारात कमल घागर घेऊन उभी.

"काय ओ, माल न्हाई म्हणलात? अक्काचा मांडव हाय. मीच अप्पांना म्हणले, परभणीचाच सोडा घ्या."

"अक्काचा?"

"मग कुणाचा? आता दोन दिवस नांदेडवाला जेवंल आमच्या घरी." घागर उचलून ती आत गेली.

मी धर्मशाळेकडं धावलो. अप्पा पायऱ्या उतरत होते. "ठरलं बाबा," म्हणाले, "इसार बी दिला."

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "मांडवी काही?"

"नाही."

गोदावरीचा घाट पाहायचा असेल तर गंगाखेडला सकाळीच पोचा. मी पाहिला नाही. आणि ओट्यावर कुणी मांडवाचं बोललं, तर मांडव कुणाचा एवढं आधी विचारा. मग काय भडकायचं ते भडका.