खांबालगतची जागा

आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं बारा आणि गाड्या लावायला जागा सात. सदाशिव पेठेत याला चैन म्हणतात. मी सेक्रेटरी झालो तो नियम वाचायच्या हौसेपायी. असा माणूस किती वैताग आणतो, ते माझ्या बायकोला विचारा.

खांबालगतच्या जागेवर पहिल्या मजल्यावरच्या काकूंची पांढरी गाडी कव्हर घालून उभी असायची. चालवणारे त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. काकूंना गाडी येत नव्हती. दर आठवड्याला त्या खाली उतरून कव्हर काढायच्या, काच पुसायच्या आणि कव्हर परत घालायच्या. माझी गाडी तेव्हा दोन गल्ल्या सोडून रस्त्यावर असे.

सभेत मी नियम मांडला. इमारतीखालची जागा बिल्डरला विकता येत नाही, त्यानं कागद दिला असला तरी. ती सगळ्यांची. सभासदाच्या नावावर गाडी असेल, तरच त्याची चिठ्ठी टाकायची, आणि चिठ्ठ्या दर वर्षी. काकूंनी फ्लॅट स्वतःच्या नावावर करून घेतला होता, गाडीचं राहून गेलं होतं. हे मला माहीत होतं.

“ती कुणाला अडते आहे का?” काकूंनी विचारलं.

मला, असं मी म्हणालो नाही. “आपण समजून घ्या, नियम सगळ्यांना सारखा,” असं म्हणालो.

चिठ्ठ्या वॉचमननं काढल्या. खांबालगतची जागा मला आली. त्यात माझा काही हात नव्हता, हे मी अजूनही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

काकूंनी गाडी देऊन टाकली. टायर बसले होते, चौघांनी ढकलत बाहेर काढली. मागच्या बाजूला डावीकडे खांबाला घासल्याची जुनी रेघ दिसली. काकू गॅलरीतून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा तिथं गाडी मागे घेत होतो. जागेच्या वरच त्यांची गॅलरी. तिथून आवाज आला, “या... या... थोडं उजवीकडे. मागच्यासारखी घासू नका. बस.”

मी कधीच घासली नव्हती. पण ऐन अडचणीत कुणी वाट दाखवत असताना हुज्जत कोण घालतो? हात वर करून आभार मानले. मग ते रोजचंच झालं. मला फार हायसं वाटलं. बायकोला म्हणालो, “काकूंनी मनात काही ठेवलेलं नाही.”

“तुम्हाला तसं वाटून घ्यायचंच आहे,” ती म्हणाली.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी भाजी घेऊन चालत आलो. खांबालगतची जागा रिकामी होती. काकू कठड्यावरून वाकून त्या रिकाम्या फरशीकडे बघत होत्या.

“या... या... थोडं उजवीकडे. मागच्यासारखी घासू नका.”

शब्द तेच, मधले थांबेही तेच. मी फाटकातच उभा राहिलो. इतके महिने त्या माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. मी मात्र हात वर करून आभार मानत होतो. मला माझी लाज वाटली, आणि भीतीही.

गाडी परत आली आहे. ती मी दोन गल्ल्या सोडून लावतो. पुढच्या चिठ्ठ्यांपर्यंत जागा कागदोपत्री माझी आहे. संध्याकाळी चालत येतो, “बस” ऐकू येईपर्यंत फाटकाशी थांबतो, आणि मग जागेत पाय न टाकता भिंतीच्या कडेनं वर जातो.