डोळ्याच्या पडद्याला गावठी डाग

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! माझ्या अकलेवर मी एवढा खूश होतो, की डोळाच घालवून बसलो असतो.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळस गावाला अजून वीज यायची होती, त्या काळातली गोष्ट. ऊस तोडायला आलेला, आणि माझ्या उजव्या डोळ्यापुढं काळा पडदा उतरायला लागला. गेलो पुण्याला.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. विजेच्या सुईनं बारीक डाग देऊन चिकटवावा लागेल. उशीर केलात तर डोळा जाईल. आणि नंतर बरेच दिवस मान न हलवता उताणं पडून राहायचं."

ऊस सोडून उताणा पडू? आणि डागच द्यायचा, तर त्याला पुणं कशाला? बैलाचा खांदा सुजला की तापल्या विळ्यानं डागणारे आमचे तात्या होतेच की! डॉक्टरांना "येतो" म्हटलं आणि थेट इंदापूरची एसटी धरली.

तात्या हादरलेच. "शंकरराव, मी बैलं डागतो. डोळा न्हाय!"

"डाग त्यो डाग, तात्या! पुण्यात इजेवर देत्यात, तुमी कोळशावर द्या. हितं, कानशिलावर. आत जाती बरुबर उष्णता!"

बायको आडवी आली. "अवो, मग त्यो डागतर येडा हाय व्हय?"

"तू गप. मला समदं समजलंय."

डाग बसला. असे काजवे चमकले म्हणता! मी ओरडलो, "उजेड दिसला!"

झालं! गावभर बातमी. मी पारावर बसून लोकांना डोळा आतून कसा असतो ते समजावतोय, आणि मोतीबिंदू झालेले दोन म्हातारे तात्यांच्या दारात. तात्या मागच्या दारानं पसार!

घरी आलो, तर बायको म्हणाली, "चांगला डोळा झाका. माझ्या हातात काय हाय?"

"लाटणं!" मी ठासून सांगितलं.

"चहा हाय वो," म्हणाली, आणि रडायलाच लागली.

डोळ्यावरचा हात काढून पाहिलं, तर खरंच चहा! दुसऱ्या दिवशी तिनंच मला पुण्याला नेलं.

डॉक्टरांनी कानशील पाहिलं. "हे काय?"

"थोडं काम... घरूनच करून आणलंय."

डॉक्टर असे भडकले, की विचारू नका! पण शस्त्रक्रिया केली. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. ऊस गेला खड्ड्यात, मी निमूट पडून राहिलो. पट्टी सुटली, आणि समोर बायको लख्ख दिसली. डोळा वाचला हो!

आता इंदापूरच्या बाजारात जो भेटतो तो विचारतो, "शंकरराव, कानशिलाला काय झालं?"

काय सांगणार? डॉक्टरांनी आत इतके डाग दिले, एकही कुणाला दिसत नाही. माझ्या अकलेनं एकच दिला, तो सगळ्या तालुक्याला दिसतो!