अंगणाला वळसा

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस सगळ्या पालघर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. स्वतःसाठी नव्हे. स्वतः ते भर पावसात निसरड्या बांधावरून मोपेड घालतात. त्यांना भीती वाटते ती दुसऱ्याची. रस्त्याने कोणी चाललेला दिसला की ह्याच्या डोक्यावर आता काय पडेल आणि पायाखाली काय येईल, हेच त्यांच्या मनात सुरू होतं. नोकरी रेल्वेत, फाटकवाल्याची. वाणगावच्या बाजूला एका फाटकावर जन्म काढला आणि जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कारण मागच्या स्टेशनातून गाडी सुटायच्या आधीच ह्यांचं फाटक पाडलेलं असायचं. रिक्षावाले, दूधवाले, चिंचणीहून पाट्या घेऊन आलेल्या मासेवाल्या बाया, सगळे उन्हात उभे. एकदा एक बाई चिडून म्हणाली, "दादा, उघडा की, मासे कुजतील माझे." हे म्हणाले, "मासे दुसरे मिळतील, ताई. तुम्ही दुसऱ्या कुठून आणायच्या?" ती तिथेच पाटी उतरवून बसली म्हणे.

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली. लग्न आमच्याच पाड्यावर, तलासरीच्या आत. वऱ्हाड आलं, आम्ही ओवाळायला ताट घेऊन उभे, आणि नवऱ्याचा बाप कुठे? तर मांडवाचा एकेक बांबू धरून हलवून बघतोय. मग वारा कुठून येतो ते बघून त्यांनी आमच्या आचाऱ्याला पेटलेल्या चुलीसकट दुसऱ्या बाजूला हलवलं. आचारी मला म्हणाला, "हे वरबाप आहेत की फायरब्रिगेड?" लग्नाच्या एकाही फोटोत व्याह्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही, सगळ्यांत ते मांडवाच्या छताकडे बघतायत. मी जाम वैतागलो होतो. पण माझी बायको म्हणाली, "पोरगी चांगल्या घरात पडली. सासरा वर बघणारा आहे."

असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसेल तर कसला. डहाणूहून आमच्याकडच्या आतल्या दवाखान्यात औषधं आणि रक्ताच्या बाटल्या ड्रोनने पाठवायचं एका कंपनीने सुरू केलं. उडवणारी पोरं डहाणूत पडद्यासमोर बसणार आणि ते यंत्र त्यांच्या नजरेपलीकडे डोंगर-ओहोळ ओलांडून एकटंच जाणार. तेव्हा खाली काय आहे, कोण आहे, हे सांगायला त्यांना वाटेवरचा माणूस पाहिजे होता. त्यांनी आमच्या व्याह्यांना घेतलं. मी म्हणतो, कंपनीला तेव्हा कळलं नसेल आपण काय घरात आणलं ते. गर्दीवरून जायचं नाही, असा कंपनीचा साधा नियम. व्याह्यांनी त्या नियमाला धरून सगळा तालुका पालथा घातला. कुठल्या पाड्यावर कोणाचं लग्न, कुठे बारसं, आठवड्याचा बाजार कुठल्या वारी, शाळेची पोरं मैदानात कधी सुटतात, सगळं विचारत हिंडायचे. ताडाच्या झाडाखाली उभं राहून वर ताडी काढणाऱ्याला ओरडून विचारायचे, "किती वाजता उतरता?" तो वरून म्हणायचा, "मडकं भरलं की." मग हे खाली बसून राहायचे, आणि तो उतरल्यावरच फोन करून सांगायचे, "लाइन क्लिअर." रेल्वेतले हिरवे-तांबडे बावटेही त्यांनी मोपेडला लावले होते. आता ते यंत्र उंच आकाशातून जाणार, त्याला ह्यांचा बावटा काय दिसतोय? पण हे हिरवा बावटा उभा धरून तोंड वर करून उभे. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला नाही दिसत, पण खालच्या माणसाला दिसतो ना. तो विचारतो, मी सांगतो."

चुका त्यांच्याही व्हायच्या. एकदा टेकडीवरून दुर्बिणीतून बघून त्यांनी उड्डाण थांबवलं, का तर एका शेतात बरीच माणसं जमलीत, बहुतेक भांडण आहे. मोपेड दामटत गेले, तर ती बुजगावणी निघाली. शेतकऱ्याने हौसेने सदरे, लुगडी, एकाला तर टोपी घातली होती. कंपनीतली पोरं हसून हसून पडली. व्याही म्हणाले, "माणसासारखं दिसलं तर माणूसच धरायचं. उलटं झालं असतं तर तुम्ही हसला असता का?" संक्रांतीला त्यांनी चार दिवस आधीपासून सगळं बंद करायला लावलं, कारण आमच्याकडे गुजरातच्या हद्दीला लागून पतंगांनी आभाळ भरतं, आणि मांजा पंख्यात अडकला की यंत्र दगडासारखं खाली. तलासरीच्या एका दुकानदाराला म्हणाले, निदान दुपारी तरी पोरांना आवरा. तो म्हणाला, "काका, उत्तरायणमां पतंग तो उडशे ज." व्याही म्हणाले, "मग आमचं नाही उडणार." आणि उडालं नाही.

मी मात्र ह्या सगळ्याच्या विरोधात होतो आणि अजून आहे. माझ्या वाडीत कोणाची शेळी शिरली तरी तिचा मालक येऊन तोंड दाखवतो. आणि हे माझ्या डोक्यावरून घरघरत जाणार, तर मला विचारायचं कोणी? पाड्यावर बैठक घेतली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "दवाखान्यापर्यंत धड रस्ता द्या म्हणून आम्ही म्हातारे झालो. आता औषध आकाशातून येणार. आजारी माणूस कुठून जाणार, आकाशातून?" मला वाटलं व्याही काहीतरी गुळगुळीत बोलतील. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नाही जाणार. तुमचं खरं आहे." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझी बायको तेव्हा आजारीच होती. घरात तिचा जीव घुसमटायचा म्हणून अंगणात चिकूच्या झाडाखाली खाट टाकलेली, दिवसभर ती तिथेच. उठून आत येण्याइतकी ताकद नव्हती. आणि ड्रोनची आखलेली वाट नेमकी आमच्या अंगणावरून. व्याही सांगायला आले तेव्हा तिने पडल्या पडल्या विचारलं, "भाऊ, ते वरून पडलं तर?"

तिच्याशी त्या वर्षात जो येईल तो खोटं बोलून गेला होता. बरं वाटेल, काही होत नाही, चार महिन्यांत भाकऱ्या भाजायला लागाल. डॉक्टरही तेच, नातेवाईकही तेच. मीही. व्याही खाटेजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "पडू शकतं, विहीणबाई. पंखा बंद पडला तर छत्री उघडते, पण छत्रीसुद्धा कधी कधी उघडत नाही. दुसरा कोणी असेल तर उठून पळेल. तुम्हाला पळता येणार नाही." मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आजारी बाईशी हे असं बोलतात? पण ती हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "मग काय करायचं?" ते म्हणाले, "वाट वळवायची." आणि वळवली. कंपनीशी भांडून, इथे सदा माणूस बसलेलं असतं असं कारण देऊन, त्यांनी ती वाट आमच्या अंगणाला वळसा घालून ओहोळावरून नेली. मग रोज दुपारी ओहोळापलीकडून घरघर आली की ही म्हणायची, "आली बघा व्याह्यांची गाडी." मी तिकडे बघायचोच नाही.

ती गेली. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, मुलगी सासरी परत गेली. खाट मी आत नेऊन भिंतीला उभी केली, आणि चिकूखाली जायचंच सोडलं. विहिरीवर जायचं तरी गोठ्यामागून जायचो. थोड्या दिवसांनी व्याही आले, बरोबर कंपनीतली एक मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढी, बोलायला नीट. म्हणाली, वळशात बॅटरी जास्त जाते, समोरून वारा असला की परत फिरावं लागतं, तेव्हा वाट सरळ करायची आहे. आणि मग तिने विचारलं, "काका, आता तिथे कोणी बसतं का?"

असा प्रश्न विचारतात? घरातलं माणूस गेलं आणि तुम्ही येऊन जागा रिकामी झाली का विचारता? जमिनीचं मोजमाप असतं, आकाशाचंही करा, पण माझ्या अंगणात आता कोण नाही हे मी माझ्या तोंडाने का सांगायचं? मी व्याह्यांकडे बघितलं. म्हटलं, हा माणूस सांभाळून घेईल, एवढं तरी नातं आहे. मॅडमने त्यांनाच विचारलं. ते चपलेने माती उकरत म्हणाले, "आज तरी कोणी बसत नाही."

मी दोघांनाही चहा न देता वाटेला लावलं. मुलीला फोन करून सांगितलं, तुझा सासरा मला पुन्हा दारात नको. ती रडायला लागली. म्हणाली, "बाबा, त्यांना खोटं बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे." मी म्हटलं, "मग दुसऱ्याच्या दारात जाऊन खरं बोल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोपेड वाजली. व्याही उतरले, मोपेडला बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची सोडली आणि चिकूखाली, बरोबर खाटेच्या जागी, मांडून बसले. मी ओट्यावरून ओरडलो, "काय लावलंय हे?"

"बसलोय."

"ते दिसतंय. का?"

"कोणी बसतं का, असं विचारलं होतं. काल नव्हतं बसत, तसं सांगितलं. आता बसतं."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का?" तर खिशातून पानसुपारी काढून कातरत बसले. तिसऱ्या प्रहरी यंत्र गेलं, तेव्हा उठले, खुर्ची झाडाला टेकवून ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मग मॅडमला फोन करून म्हणाले, इथे रोज दुपारी एक माणूस बसतो, म्हातारा आहे, पटकन पळता यायचं नाही. तिने विचारलं, कोण माणूस? हे म्हणाले, "मी." ती एकदा येऊन बघून गेली. वाट तशीच वळशाची राहिली, निदान पुढच्या पाहणीपर्यंत.

आणि बसायचं तर गुमान बसावं की नाही? वरची वाळकी फांदी धोक्याची म्हणून माझ्याकडून तोडून घेतली. विहिरीवर झाकण टाकायला लावलं. वासराचं दावं बांधायची रीत चुकीची आहे म्हणाले. चहा पाहिजे, तोही आल्याचा. मला तर वाटायचं, ड्रोन पडला असता तर परवडला असता. चिडून मी एकदा विचारलं, असं किती दिवस येणार? वय काय तुमचं, गुडघे बघा, मोपेड बघा. ते म्हणाले, "जमेल तेवढे दिवस."

मागल्या पावसाळ्यानंतर त्यांना तापाने धरलं. दुपार झाली, मोपेड आली नाही. मी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतोय. ऊन कललं. खुर्ची झाडाला टेकलेली. आज इथे कोणी नाही, आणि व्याह्यांना कोणी विचारलं तर ते तापातही तेच सांगणार, हे मला ठाऊक. मी उठलो. अंगणातून सरळ चालत गेलो, खुर्ची घेतली आणि बसलो.

फोन वाजला. आवाज घशातून निघत नव्हता त्यांचा. "आज मला जमलं नाही, व्याही. कोणी बसलंय का?"

"मी बसलोय."

ते म्हणाले, "ह्या वेळेला ऊन तोंडावर येतं तिथे. खुर्ची जरा विहिरीकडे सरकवा."

मी म्हटलं, "तुम्ही औषध घ्या आणि झोपा." ऊन खरंच तोंडावर येत होतं. मी सरकलो नाही. ओहोळापलीकडून घरघर आली, मोठी झाली, वळली आणि डोंगराकडे बारीक होत गेली. पहिल्यांदाच मी तिच्याकडे शेवटपर्यंत बघितलं.