सरवा वेचणाऱ्या तिघी

साठ सालच्या आसपास यवतमाळच्या एका वाचनालयात जुन्या मासिकात मी एका फ्रेंच चित्रकाराचं चित्र पाहिलं. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून सांडलेली कणसं वेचत होत्या, मागे मालकाच्या गंज्या. चित्रकार शेतकऱ्याच्या घरचा. राबणारी माणसं त्याने देवादिकांसारखी भारदस्त काढली म्हणून पॅरिसचे श्रीमंत चिडले, असं खाली छापलं होतं. मी तेव्हा शेतमजुरांच्या चळवळीत होतो; मला त्या बायांचं वाकणंच खुपलं आणि घरी येऊन पत्रक लिहिलं : ‘सरव्याची लाचारी बंद करा!’

मुकुटबनकडच्या एका गावात ते वाटलं. तिथेही ज्वारी कापल्यावर सांडलेली कणसं, म्हणजे सरवा, तांड्यावरच्या बाया वेचत. मालकाने त्यांना अडवायचं नाही, अशी रीत होती. चार दिवसांनी गेलो, तर मालकाने बांधावर राखणदार बसवलेला.

“तुमीच लिवलं ना, बंद करा? केला बंद,” मालक हसत म्हणाला.

तांड्यावरची एक म्हातारी रिकामी टोपली घेऊन उभी होती. “भाऊ, मजुरी वाढवा म्हनाचं सोडून आमचा सरवा कायले बंद केला?”

मी तिला चित्रातल्या वाकलेल्या बायांबद्दल सांगू लागलो.

“वाकल्याबिगर कनीस हाती येते काय, बाप्पा?”

मी उरलेल्या पत्रकांवरची ती ओळ खोडून ‘सरवा बायांच्या हक्काचा’ असं लिहिलं आणि एक मालकाच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घातली, राखणदाराला काही बांधावरून हटवलं नाही. तोवर बाया त्या राखणदारासमोरूनच शेतात उतरल्या होत्या.