आम्ही पडायला नाही आलो

वैशाली नगरात हातांवर उभं राहायला शिकणारे आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले डॉक्टर. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आधी पडायला शिका. तोल गेला की एका बाजूला वळून पाय खाली आणायचे."

आमच्यातले एक सर्जन हसले. "मॅडमजी, आम्ही पडायला नाही आलो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मी एकटी गादीवर धडाधड पडत राहिले आणि ही मंडळी खिदळत राहिली. आता मी खोलीच्या मधोमध हातांवर उभी राहते. त्यांच्या टाचा अजून भिंतीलाच चिकटलेल्या असतात, फक्त ग्रुपवर फोटो टाकताना भिंत तेवढी कापतात. आणि टाच भिंतीपासून बोटभर सुटली, की पडायला न आलेले सर्जनसाहेब किंचाळतात.